ताईंची सही

पाचवी सही काही केल्या मिळत नव्हती.

कारकून, फिटर, स्टोअरकीपर आणि डिलिव्हरीवाला, चौघांच्या सह्या झाल्या होत्या. पंपदुरुस्तीच्या या कारखान्यात मागची संगणकप्रणाली कोणालाच न विचारता बसवली होती. महिन्याभरात तिच्यावर कापड पडलं. या वेळी नव्या प्रणालीसाठी मालकांची अट होती: नोंदवहीला हात लावणाऱ्या प्रत्येकाची संमती हवी, तीही शुक्रवारपर्यंत. नाहीतर काम बंद, आणि प्रणाली बनवणाऱ्या मुलीची नोकरीही.

पाचव्या म्हणजे ताई. तीस वर्षांच्या वह्यांत, निरनिराळ्या अक्षरांत, शेऱ्याच्या रकान्यात जागोजाग एकच ओळ होती: 'ताईंना विचारून उद्या.'

ताई भेटत नव्हत्या. कारकून म्हणाला, आत्ताच येऊन गेल्या. फिटरच्या मते त्या फार कडक, एकदा नाही म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी ऐकायच्या नाहीत. स्टोअरकीपरच्या मते लोण्याहून मऊ. माणूस पाहून वागणाऱ्या असतील, असं प्रणाली बनवणाऱ्या मुलीने टिपून ठेवलं.

गुरुवारी ती काकुळतीला आली. "त्यांना प्रणालीत काय हवंय, एवढं तरी विचारून सांगा."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एक बटण," स्टोअरकीपर काका म्हणाले. "वहीत लिहितो तेच त्यावर लिहा. बाकी ताईंचं काही म्हणणं नाही."

तिने बटण बसवलं. शुक्रवारी सकाळी टेबलावर सही आली. वळणदार अक्षर, कागदाच्या कोपऱ्यावर ग्रीसच्या बोटाचा ठसा. तिचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी प्रणाली सुरू झाली. पहिलंच गिऱ्हाईक पंप आजच हवा म्हणून अडून बसलं. कारकुनाने शांतपणे बटण दाबलं आणि संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"माझ्या हातात असतं तर आत्ता दिला असता हो. पण ताई."

गिऱ्हाईक नरमलं. ताईंना नमस्कार सांगा म्हणालं आणि गेलं.

संध्याकाळी मालकांचा फोन आला. माणसं खूश आहेत, दुसऱ्या शाखेचं कामही तुम्हीच करा, म्हणाले. तिला हलकं हलकं वाटलं.

"श्रेय ताईंचं आहे," तिने आवर्जून सांगितलं. "त्यांनी सही केली म्हणून जमलं."

"कोण ताई?" मालक म्हणाले. "वडिलांच्या काळापासून तिथे कामाला आलेल्या बाई म्हणजे तुम्हीच पहिल्या."