आजोळच्या बाहुल्या

कॅमेऱ्यामागून सुटलेल्या पहिल्याच छऱ्यात राजाचं डोकं उडालं, तरी दिग्दर्शकाचं समाधान झालं नाही.

"कट! अहो डिटेक्टिव्ह, डोळे काय मिटताय? जपानी हेराला धरायला आलाय तुम्ही, दात उपटून घ्यायला नाही!" सगळे हसले. "लॉर्ना, दुसरी बाहुली मांड."

लॉर्ना सेटवरचं सामान सांभाळायची. ती खोक्याशी गेली खरी, पण हात पुढे होईना. राजा-राणीची ही जोडी शेजारच्या सुमिकोची. अमेरिकन सरकारने जपान्यांना लॉस एंजेलिसमधून उचलून वाळवंटातल्या छावणीत धाडलं, तेव्हा सुमिको हे खोकं घेऊन तिच्या दारात आली होती. "माझ्या लेकीच्या, एमीच्या बाहुल्या आहेत. आम्ही येईपर्यंत तुझ्याकडे राहू दे गं."

जपानशी लढाई सुरू झाल्यापासून जपानी वस्तू कुठे मिळत नव्हती. दिग्दर्शक साहेबांपुढे मिरवायला म्हणून लॉर्नाने खोकं आणलं. फळीवर नुसत्या बसतील, काय बिघडतंय, अशी तिने मनाची समजूत घातली होती. छऱ्याने बाहुली उडवायचं आज सकाळी ठरलं, आणि तिनेच राजाला काढून फळीवर मांडलं.

सिनेमात जपानी हेराचं काम करणारे फाँग शेजारीच बसले होते. खुर्चीवर टांगलेल्या त्यांच्या कोटावर 'मी चिनी आहे' असा बिल्ला होता. रस्त्यात लोक जपानी समजून अंगावर येत. त्यांनी राजाचं मुंडकं उचलून तळहातावर घेतलं.

"जपान्यांकडे आजोळहून येतात या, नातीसाठी," ते हळूच म्हणाले. "कुणाच्या गं?"

"दुकानातून आणल्या."

बोलली आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. खरं सांगितलं तर साहेब कदाचित राणीला सोडतीलही. पण ही जपान्यांचं सामान सांभाळते म्हटल्यावर उद्या स्टुडिओत तिला कोण उभं करणार?

"लॉर्ना! लढाई संपायची वाट बघतेस काय?"

तिने राणी फळीवर ठेवली, भिंतीकडे तोंड करून.

"अगं, तोंड इकडे! कॅमेऱ्याकडे!"

लॉर्नाने राणीला वळवलं, मुकुटाचे मणी सारखे केले आणि आपल्या रोजच्या जागी येऊन उभी राहिली. ती जागा कॅमेऱ्याला लागूनच होती.