चोरवाट

श्रीधररावांची यादवकाळातली कादंबरी शेवटच्या प्रकरणाशी येऊन अडली होती. मनाविरुद्ध ठरलेल्या लग्नाच्या आदल्या रात्री नायिकेला देवगिरीच्या किल्ल्यातून बाहेर काढायचं होतं, पण कुठल्या वाटेनं, तेच इंटरनेटवर सापडेना. एक साइट चोरवाट दाखवायची, दुसरी म्हणायची अशी वाटच नव्हती. लासूरच्या घरात लेकीच्या साखरपुड्याची धावपळ आणि हे लॅपटॉपसमोरून हलायला तयार नव्हते.

चारुता रोजच्यासारखा चहा घेऊन आली आणि तिथंच रेंगाळली.

"बाबा, हे लग्न नको म्हणून तिनं वडिलांना सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं असेल की. पण त्या काळी मुलीचं कोण ऐकायचं?" स्क्रीनवरची नजर न काढता ते म्हणाले. "तू जा, आई केव्हाची हाका मारतेय. मेंदीवाली आलीय म्हणे."

साखरपुड्याच्या दिवशीही त्यांना चैन पडेना. उठल्या उठल्या ते लॅपटॉपसमोर बसले. चहा अजून आला नव्हता. काल वाचलेलं एक पान पुन्हा बघावं म्हणून त्यांनी जुने शोध उघडले. 'देवगिरी चोरवाट'. 'किल्ल्यावरचा पहारा कधी बदलायचा'. 'यादवकाळात बाई एकटी प्रवास करायची का'. सगळे त्यांनीच शोधलेले.

फक्त सगळ्यात वरचा त्यांचा नव्हता.

'लासूर स्टेशनहून मुंबईला पहिली गाडी'.