तांदूळ वाढले

सभागृहात दीडशे माणसं होती आणि पडद्यावर सहा मजकूर. मजकूर लिहिणाऱ्या सहा यंत्रांची ही जाहीर परीक्षा मीच भरवली होती. माहिती सगळ्यांना एकच दिली होती: रेशन दुकानात तांदूळ शिल्लक नाही, गाडी सोमवारी येईल. त्यावरून गिऱ्हाइकांसाठी दोन ओळींची सूचना लिहायची.

चौथ्या यंत्राने लिहिलं, “तांदूळ वाढले आहेत. सोमवारी या.”

“शिल्लक नाही आणि हे म्हणतंय वाढले,” मी माइकवर सांगितलं. “अर्थ उलटा झाला. नियमाप्रमाणे शून्य.”

परीक्षकांच्या रांगेतून द्वारकाबाई उठल्या. त्या बचतगटाचं रेशन दुकान चालवतात. “सर, मी याला दहापैकी दहा दिलेत. तांदूळ संपले असं तोंडाने म्हणू नये, म्हटलं की खरंच संपतात. म्हणून वाढले म्हणायचं. तुमच्या घरी नाही म्हणत?”

मी सभागृहाला विचारलं. निम्म्याहून जास्त हात वर गेले, त्यात दोन प्राध्यापकांचेही होते.

मी शून्य खोडून दहा लिहिले. शेजारी सही करताना सासूबाई आठवल्या. बायको दौऱ्यावर गेली म्हणून त्या परवा आमच्याकडे राहायला आल्यात. आल्या आल्याच म्हणाल्या होत्या, “जावईबापू, तांदूळ वाढलेत हो.”

“असू द्यात की,” म्हणून मी ऑफिसला निघालो होतो.

दोन दिवस ताटात नुसती भाकरी का येतेय, ते मला तेव्हा कळलं.