अकरावा सोमवार

डॉक्टरीणबाईंनी जगदेवरावांच्या पायाच्या अंगठ्याला टोकदार काडी टोचली. ते खिडकीतून मालेगावचा स्टँड बघत होते.

"काका, कळलं का?"

"काय?" त्यांनी विचारलं.

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचा तो काळा पडलेला अंगठा म्हणजे आपलंच पाप, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं.

उन्हाळ्यापासून जगदेवरावांच्या तळपायांना मुंग्या यायच्या. चप्पल पायातून निसटून मागं राहायची अन् यांना पत्ताच नसायचा. घरातले हसले. मनकर्णाबाईंनी मात्र श्रावणात त्यांच्या शुगरसाठी सोळा सोमवार धरले, त्यांनाही सोबत घेऊन. दिवसभर अन्नाचा कण नाही. सकाळी ताटभर साबुदाणा, दुपारी गुळातली रताळी. उपासाला असं भेटत असेल तर मी रोज सोमवार पाळतो, असं जगदेवराव म्हणायचे.

अकराव्या सोमवारी सोयाबीन सोंगायची घाई होती. मनकर्णाबाईंनी वावरात ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी नेली. दोघं जेवले. हात धुताना त्यांना वार आठवला. त्या गप्प राहिल्या. आठ दिवसांत अंगठा काळा पडला.

आता डॉक्टरीणबाई सांगत होत्या की नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, आजपासून इन्सुलिन. शुगर जेवणानंतर एकशे ऐंशीच्या आत राहिली तर जखम भरेल. नाही तर आठ दिवसांनी अंगठा काढावा लागेल. सुई एकदा लागली की सुटत नाही, अशी कुरकुर जगदेवरावांनी केली. अंगठा एकदा गेला की परत येत नाही, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाईंना राहवलं नाही.

"बाई, चूक माही हाय. त्यायच्यासाठी धरलेला सोमवार माह्याच हातानं मोडला. मी पुन्हा पहिल्यापासून सोळा धरतो, त्यायलेबी धरायले लावतो. पण अंगठा नका कापू."

"अवं, त्याच्यानं काय झालं?" जगदेवराव हळूच म्हणाले. "भाकर मस्त होती. मले ठाऊक होतं सोमवार हाय म्हून."



डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मोडला तो सोमवार कोणता, सकाळपासून काय काय खाल्लं, हे त्यांनी खोदून विचारलं. मग शुगरची वही मागितली. नात वैष्णवी रोज दुपारच्या खाण्यानंतर, ते वावरात असले तर तिथं जाऊन, आजोबांच्या बोटातून थेंब काढून यंत्रावर मोजायची अन् आकडा वहीत लिहायची. डॉक्टरीणबाईंनी पानं चाळली, सोमवारांवर खुणा केल्या आणि वही मनकर्णाबाईंपुढं सरकवली.

पोथी वाचताना ठेवतात तसं त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. तीनशे दहा. तीनशे चाळीस. तीनशे पंचवीस. एकेक सोमवार त्या खाली उतरत गेल्या. अकराव्यापुढं लिहिलं होतं, एकशे अठ्ठेचाळीस.