चिपचा मोकळा पाय

सांगून कोणाला पटणार नाही, पण एका माणसाच्या बोटानं कोंबडीचं काम केलं होतं. हसा खुशाल.

उबवणी यंत्राचा रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा खटका, नुसता कडकडत होता. लागतोय, सुटतोय, लागतोय. आतला हीटर धड तापत नव्हता, धड विझत नव्हता, आणि अंड्यांतली पिल्लं आतून टोचे मारायला लागली होती. वहिनी काचेला नाक लावून उभी. नवऱ्यानं बजावूनच ठेवलं होतं, "ही खेप गेली, तर यंत्र भंगारात."

धाकटा दीर रेडिओ मेकॅनिक. यंत्राची जळालेली चिप त्यानंच सकाळी बदलली होती, त्याच नंबरची नवी आणून. आता त्यानं मीटरची टोकं टेकवली. चिपमधून एकतर शून्य व्होल्ट यावेत, नाहीतर पाच. येत होते अडीच.

"अडीच म्हणजे हो की नाही?" वहिनीनं विचारलं.

"म्हणजे... बघतो."

"असलं उत्तर मला तुमच्या भावाकडूनही मिळतं."

त्यानं दुसरी चिप बसवली. अडीच. वायरी हलवल्या, फुंकर मारली, चिप बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. अडीच ते अडीच. शेवटी घाम पुसायला हात उचलला, तो चिपवरून गेला आणि रिले गप्प. हात बाजूला, की पुन्हा कडकड.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. चिपचा एक पाय, म्हणजे तिची एक पिन, कशालाच जोडलेला नव्हता. जुन्या जातीच्या चिपला ते चालायचं. मोकळ्या पायाला ती आपणहून 'हो' समजायची. ही नंबरानं तीच, पण नव्या जातीची. पाय मोकळा सोडला, की हवेतलं काहीबाही ऐकत बसायची.

"म्हणजे जुनी बायकांसारखी," वहिनी म्हणाली. "न सांगता कामाला लागायची. नवी पुरुषांसारखी."

तो पाय पाच व्होल्टच्या तारेला जोडायचा, एवढंच काम. पण डाग द्यायची सोल्डरिंग गन दुकानात राहिलेली. आणि काचेआड एक कवच तडकलं.

पठ्ठ्यानं बोट पुढे केलं. अर्धं मोकळ्या पायावर, अर्धं तारेवर. रिले ताळ्यावर आला. वहिनी गन आणायला धावली आणि हा उभा. नाकावर माशी बसली, हलला नाही. कंबर धरली, हलला नाही. शिंक आली, ती गिळली! एकेक पिल्लू बाहेर पडलं, सगळी काचेपाशी रांगेत उभी राहिली आणि त्याला आई समजून माना...

"खोटं!" ऐकणाऱ्यांच्या मागून आवाज आला. वहिनीच होती, आता केस पांढरे झालेली. "भाऊजी, गन आणायला तुम्ही गेला होतात. परत आलात तेव्हा पिल्लं वाळून चालायला लागली होती, आणि मला मूठ वळवता येत नव्हती."