वीसच्या वर

फोन नवऱ्याच्या, आनंदराजच्या हातात होता, स्पीकर चालू. धम्मप्रियानं फक्त बोलायचं होतं, आणि काय बोलायचं तेही त्यानं ठरवून दिलेलं होतं.

“आक्का, कशी हायस?” लातूरहून धाकटी बहीण लुंबिनी विचारत होती.

“बरं हाय.”

“माय लई आठवण काढायलीय. कवा येतीस?”

“बरं हाय,” ती पटकन बोलून गेली. नवऱ्यानं डोळे वटारले. “म्हंजे, येते की सवडीनं.”

सवड कसली डोंबलाची! मुखेडातल्या त्या दोन खोल्यांचा उंबरा तिनं चार महिन्यांत ओलांडला नव्हता. हा बाबा किराणा आणायला निघाला तरी बाहेरून कुलूप घालून जायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. भीतीनं तिला आताशा रडूही येत नव्हतं.

पलीकडे लुंबिनीनं ते ‘बरं हाय’ दोनदा ऐकलं. मग नेहमीसारखं दुकानातलं सांगू लागली. विजेच्या मोटारींची पॅनेलं दुरुस्त करायचं तिचं काम.

“मुरुडच्या गुंडप्पाच्या गिरणीचं पॅनेल आलंय. मीटर कवाबी बघा, वीस अँपिअर. मालक खूश. म्हणतो, आकडा हालत न्हाई, म्हंजे मोटार निवांत हाय.”

“मग बरंच हाय की,” आनंदराज मध्येच म्हणाला.

“न्हाई ना दाजी! करंट मोजणारा आतला अँप्लिफायर पार टोकाला जाऊन अडकलाय. वीसच्या वर त्याला बोलताच येत न्हाई. तारेतून चाळीस जाऊ द्या, साठ जाऊ द्या, ते आपलं वीसच दाखवायलंय. मोटार जळायली तरी वीसच.”

“मेव्हणी पार मिस्त्री झाली बघ,” आनंदराज बायकोकडे बघून हसला.

 ठरवून न दिलेला प्रश्न धम्मप्रियाच्या तोंडून निघून गेला.

“मग तू काय करतीस गं?”

“काय करणार? मीटरला इचारायचंच सोडून देते. सरळ जाऊन मोटारीवर हात ठेवून बघते, किती तापलीय ते.” लुंबिनीनं न थांबता पुढं सांगितलं. “आक्का, उद्या पहिल्या एसटीनं मुखेडला यायलेय. एक मोटार हाय तिथं. काढूनच आणावी म्हणते. एकटीचं काम न्हाई, संगं दोघं-तिघं हायत.”

फोन बंद झाला. आनंदराजनं तो खिशात टाकला.

“मुखेडात कुणाची मोटार बिघडली?”

धम्मप्रियानं पदर नीट केला.

“नाव न्हाई सांगितलं तिनं.”