टाकीच्या गळ्यावरचे आकडे

"आधीच सांगते भाऊ, ही टाकी तपासलेली नाही," मोहिनी म्हणाली. "सात वर्षं माळ्यावर पडून आहे. मुदत कधीच संपली. तुम्ही तपासून घ्या, पास झाली तरच पैसे द्या."

देवराम गोंधळला. त्याची मखमलाबादला झेंडूची शेती. निम्मं आयुष्य फुलबाजारात उभं राहण्यात गेलेलं, पण विकणाऱ्यानंच आपल्या मालाची निंदा केलेली त्यानं आज पहिल्यांदा ऐकली. त्याची मुलगी पल्लवी एअर रायफल चालवायची. बंदूक क्लबनं वापरायला दिली होती, पण तिच्यात दाबाची हवा भरावी लागते आणि क्लबच्या एकुलत्या एका टाकीवर वीस पोरं. राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती आणि पल्लवीचा निम्मा सराव रांगेत जात होता. नवी टाकी घेणं झेपणारं नव्हतं. म्हणून बापलेक जुनी बघायला, एकेकाळी नेमबाज असलेल्या मोहिनीच्या सिडकोतल्या या घरी आले होते.

मोहिनीनं पोत्याची सुतळी सोडायला घेतली. कात्री लागेल असं तिला वाटलं होतं, पण गाठ नखानंच सुटली. तिला जरा नवल वाटलं, तेवढंच.

पोत्यातून पिवळी टाकी निघाली आणि मोहिनीला भरून आलं. वडिलांनी ती तिच्या रायफलसाठी मुंबईच्या एका पाणबुड्याकडून जुनीच घेतली होती. लग्नात रुखवतावर लाडू-करंज्यांशेजारी टाकी मांडलेली पाहून अख्खा मांडव हसला होता. सासूबाई, वत्सलाबाई, तेवढ्या हसल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीकडे बघत एकच विचारलं, "हिचं काय काय करावं लागतं?"

मोहिनीनं घाबरत सांगितलं होतं, की दर दोन वर्षांनी कारखान्यात तपासून शिक्का मारून आणावी लागते. ते चुकलं तर हवा भरणारा हात लावत नाही, टाकी भंगारात जाते.

"बरं," वत्सलाबाई म्हणाल्या होत्या.

या 'बरं'चा अर्थ लावणं त्या घरात कुणालाच जमलं नव्हतं. मोहिनीनं आपल्यापुरता लावला. त्याच दुपारी तिनं टाकी माळ्यावर चढवली, नेमबाजी सोडली आणि ती शाळेतली गणिताची बाई झाली. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी म्हणायची वेळच तिनं येऊ दिली नव्हती. आता निदान भंगारात जाण्याआधी ती एखाद्या नेमबाज पोरीला मिळावी, एवढंच तिच्या मनात होतं. काल तिनं सासूबाईंच्या कानावर घातलं, "टाकी विकून टाकते." त्यांचं उत्तर तेच, "बरं."

देवरामनं टाकीच्या गळ्यावर बोट फिरवलं. पत्र्यात ठोकलेले आकडे बोटाला लागत होते. "पल्लवे, वाच गं. माझा चष्मा घरी राहिला."

पल्लवी वाकली. "पाच-दोन हजार. पाच-दोन हजार दोन. मग चार. मग सहा. आणि हा शेवटचा पाच-दोन हजार आठ. बाबा, हा तर याच मेमधला हाय."

देवराम मोहिनीकडे वळला. "ताई, खोटं कशापायी बोलता? अन् बोलायचंच, तर सोताच्या फायद्याचं तरी बोलायचं."

"मी खोटं नाही बोलत." मोहिनीचा चेहरा उतरला. पहिला शिक्का वडिलांनी मारून आणलेला. बाकीचे कुठून आले, ते तिलाही कळेना.

"मग शिक्के नकली असतील," देवराम उठला. "नाय ताई, राग मानू नका. हिच्याजवळ माझी पोर बसणार हाय. फुटली तर?"

मोहिनीनं स्वतः वाकून ते आकडे वाचले. सगळे मे महिन्याचे. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि ती दरवर्षी नांदगावला माहेरी जाते.

"नकली नाहीत," आतून आवाज आला. वत्सलाबाई पंचांग घेऊन बाहेर आल्या. त्यांनी त्यातून घड्या घातलेल्या चार पावत्या काढून देवरामच्या हातात दिल्या. "अंबडच्या कारखान्यातून तपासून आणली आहे. लहानूच्या रिक्षातून नेते. टाकी वर चढवायला तोच लागतो, माझ्यानं होत नाही."

पल्लवीनं पावत्या वाचून दाखवल्या. सगळीकडे टाकीचा तोच नंबर आणि खाली वत्सलाबाईंची सही.

देवरामनं पावत्या परत घडी घालून दिल्या. मग टाकीवर पोतं ओढलं. "ताई, ही मी नेत नसतो. तुम्हाला चालत आसंल, तर पोर इथं येऊन हवा भरून नेईल. अन् तुम्ही तिला चार गोष्टी शिकवा."

मोहिनीनं नुसती मान हलवली. ती सासूबाईंकडे बघत होती.

"आई, सात वर्षं? कशासाठी?"

"तूच म्हणाली होतीस ना, चुकलं तर भंगारात जाते."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

वत्सलाबाईंनी पावत्या पुन्हा पंचांगात ठेवल्या.

"मला वाटायचं, एक दिवस तूच म्हणशील, 'आई, टाकी खाली काढा.' तू कधी म्हणालीच नाहीस."